खसबच्या डोंगरातला शेवटचा बार

चि. मीरा आणि चि. ईशान,

मीराने पाठवलेला फोटो मिळाला. तुमच्या कॅनडाच्या पार उत्तरेकडचं ते जुनं सलून, लाकडाचे झुलते दरवाजे, आत कोणी नाही, बाहेर माहितीची पाटी. फोटोखाली तुझा प्रश्न: आजी, तू कधी बारमध्ये गेली आहेस का?

गेले आहे. एका बारमध्ये मी ड्यूटीसुद्धा केली आहे. तो बार आता उरलेला नाही आणि त्याच्यासाठी कोणी पाटीही लावणार नाही, म्हणून मीच लिहून ठेवते. तुमचे बाबा वाचून दाखवतील. अडलं तर त्यांना विचारा, मला इंग्रजीत लिहायला सांगू नका.

सैन्याच्या नर्सिंग सेवेतून मी मेजर म्हणून निवृत्त झाले. तुमचे आजोबा गेल्यावर मस्कतला तुमच्या बाबांकडे आले. दार्सैतच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही दोघं शाळेत आणि आई-बाबा कामावर गेले की मी आणि फ्रिज एवढेच उरायचो. सकाळी कृष्णमंदिरापर्यंत चालून आले की दिवसभराची कामं संपली. तेव्हा एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीला लांबच्या कॅम्पवर नर्स हवी होती. जागा खसबच्या पुढे डोंगरात, कुटुंब नेता येणार नाही, उमेदवाराला एकटं काम करायची सवय असावी, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, तीच सवय आहे. हे २०१२ च्या सुमाराचं.

नकाशा काढा. ओमानच्या अगदी उत्तरेला एक तुकडा मुख्य देशापासून तुटून समुद्रात घुसलेला दिसेल. तो मुसंदम. मस्कतहून तिथे गाडीने जायचं तर मधे दुसऱ्या देशाची हद्द ओलांडावी लागते. डोंगर थेट पाण्यात उतरतात. पलीकडे इराण. खसब हे तिथलं मुख्य गाव, आणि आमचा कॅम्प गावापासून वर, एका वादीच्या काठाला. वादी म्हणजे कोरडी नदी. वर्षभर तिच्यातून ट्रक जातात. पाऊस पडला की ती नदी होते.

मी रुजू झाले तेव्हा त्या भागात मला माहीत असलेले तीन बार होते. एक बंदराजवळच्या जुन्या हॉटेलात, मागच्या बाजूच्या बिनखिडकीच्या खोलीत. तिथे जहाजांवरचे इंजिनियर आणि पाणबुडे बसत. दुसरा शेजारच्या एका कंपनीच्या कॅम्पात होता. त्याचं काउंटर मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्यांचं होतं, आणि लोक ते बघायला म्हणून जात आणि पिऊन येत. तिसरा आमचा. एक पोर्टा केबिन, म्हणजे उचलून नेता येणारी तयार खोली, आत सहा टेबलं, भिंतीवर डार्टबोर्ड, बाहेर 'क्लब' अशी पाटी. परवाना असलेल्यांनाच प्रवेश. मजुरांकडे परवाना नसे, पण शुक्रवारी क्लबच्या मागच्या खिडकीतून थंड पेयं मिळत, आणि त्या पेयांचा वास मला क्लिनिकपर्यंत येई. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. जखमा कमी होत्या, भांडणं कमी होती. जे नीट चाललंय ते बिघडवायचं नाही, हे मी सैन्यात शिकले.

क्लब चालवत होता दत्ताराम राणे. कणकवलीकडचा. पायदळात हवालदार होता, शेवटची वर्षं ऑफिसर्स मेस सांभाळलेली. मिशा पांढऱ्या, शर्टाला रोज इस्त्री. मी निवृत्त मेजर आहे हे कळल्यावर पहिल्या दिवशी त्याने क्लबच्या दारात सॅल्यूट केला आणि विचारलं, "मॅडम काय घेणार?" मी म्हटलं, लिंबू सरबत. तो म्हणाला, "मेसमध्येपण मॅडम लोक हेच मागायचे. मग मी त्यात जरा जिन घालायचो, आणि ते म्हणायचे, राणे, तुझ्या सरबताला काही वेगळीच चव." मी त्याला सांगितलं की माझ्या सरबतात फक्त लिंबू आणि साखर असेल. ते तसंच राहिलं.

रस्ता पुरा होत आला तसे इंग्रज इंजिनियर एकेक करून गेले. बंदराजवळच्या हॉटेलाला नवा मालक मिळाला आणि त्या खोलीत मोबाइलचं दुकान आलं. शेजारचा कॅम्प उठला, होडीचं काउंटर कुठे गेलं कोणालाच माहीत नाही. शेवटी आमच्या क्लबच्या परवान्याची मुदत संपली आणि कंपनीने तो पुन्हा काढला नाही. उरलेला माल नष्ट करायचा आदेश आला.

हे काम कॅम्प मॅनेजर लिमये यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. लिमये पुण्याचे. स्वभावाने सरळ, बोलायला कडक. दारूचे दुष्परिणाम या विषयावर ते दर महिन्याच्या सेफ्टी मीटिंगमध्ये बोलत. राणे एकेक बाटली उघडून वाळूत ओतत होता आणि लिमये यादीवर खूण करत होते. काही लोक दुरून बघत उभे होते. कोणीतरी टोपी काढली. लिमये म्हणाले, यल्ला, चला, कामाला लागा, इथे काही अंत्यविधी नाही.

पण त्या दिवसापासून आमच्या त्या सगळ्या डोंगरात बसायला एकही जागा उरली नाही. माणसं संध्याकाळी खोल्यांत बसू लागली. दारं लावून.

जानेवारीत पाऊस आला. गुरुवारी दुपारी वादी भरली आणि खालचा रस्ता वाहून गेला. मोबाइलचा टॉवर बंद पडला. काम थांबलं. आम्ही अन्नपाणी मोजून पाहिलं, भरपूर होतं. वायरलेस सेट चालू होता आणि खसबमधल्या कंपनीच्या यार्डातल्या ऑफिसशी बोलणं होत होतं. मी लिमयांना सांगितलं, काळजीचं काही नाही. तेव्हा खरंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी क्लिनिक उघडलं. सकाळच्या तपासणीला मी सवयीने सिक परेड म्हणायची, आणि सगळा कॅम्प तसंच म्हणू लागला होता. सुट्टीच्या दिवशी सहसा कोणी येत नसे. त्या दिवशी दोघं आले. पांडुरंग, देवगडचा वेल्डर. आणि त्याचा खोलीतला साथी बाबूराम, गोरखपूरकडचा रिगर, म्हणजे क्रेनला माल बांधून देणारा. दोघांना उलट्या, पोटात दुखतंय, डोकं फुटतंय. पांडुरंग म्हणाला, सुकी सुरमई बाधली.

मी नाडी पाहिली. श्वास मोजला. ताप नाही, जुलाब नाहीत, पण दोघंही धावून आल्यासारखे श्वास घेत होते. सुरमईने असं होत नाही. मी टॉर्च डोळ्यांत मारला. बाहुल्या मोठ्या, आणि उजेडाला हव्या तशा हलेनात.

"पांडुरंग, मी नीट दिसते का?"

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, तुम्ही दिसता. पण मधे कापूस पिंजल्यासारखं काहीतरी पडतंय."

उत्तर सीमेवरच्या एका हॉस्पिटलात माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक ट्रक ड्रायव्हर आला होता. सिव्हिलियन. तो म्हणाला होता, आत बर्फ पडतोय. बाहेर ऊन होतं. त्याने भेसळीची दारू प्यायली होती. तो आंधळा होऊन परत गेला. त्याच्याबरोबरचा माणूस परतच गेला नाही.

म्हणून मी सरळ विचारलं, काय प्यायलात? दोघं गप्प. मी सांगितलं की मी पोलीस नाही, लिमये साहेबांना काही कळवणार नाही. तरी गप्प. त्यांचं गप्प राहणं मला समजत होतं. परवान्याशिवाय दारू म्हणजे नोकरी जाणार, पुढच्या विमानाने घरी. गावात घराचं छप्पर अर्धं घातलेलं, बहिणीचं लग्न ठरलेलं. पण आता प्रत्येक तास त्यांच्या विरुद्ध जात होता. काय पोटात गेलंय ते कळल्याशिवाय मी चुकीचं औषध दिलं असतं, किंवा काहीच दिलं नसतं, आणि संध्याकाळपर्यंत दोघांचे डोळे गेले असते. त्याच्या पुढेही गेलं असतं.

मी राणेला बोलावून घेतलं. तो पांडुरंगाच्या खाटेवर बसला. आधी त्याच्या पायावर पांघरूण घातलं. मग म्हणाला, "पांडग्या, काय पिलंस ता सांग. जीव व्हयो काय नोकरी?"

पांडुरंग रडायला लागला. "दोनीय व्हयी."

"दोनीय मिळतली. पयलो जीव."

मग तो बोलला. वर्कशॉपमधलं सफाईचं स्पिरिट. गुरुवारी पावसात काम बंद, खोलीत बसून संत्र्याच्या थंड पेयात मिसळून घेतलं. क्लब बंद झाल्यापासून काही मिळत नव्हतं. स्पिरिट म्हणजे दारूचाच अर्क, पाणी घातलं की झालं, असं दोघांना वाटलं होतं. आणखी कोणी? नाही, दोघंच. मी राणेला वर्कशॉपमधला स्पिरिटचा कॅन उचलून माझ्या कपाटात कुलूपबंद करायला सांगितला आणि वायरलेसवर गेले. लिमये तिथेच होते, त्यांच्यापासून आता लपणार नव्हतं.

खसबच्या हॉस्पिटलातले एक डॉक्टर यार्डच्या ऑफिसात सेटवर येऊन बसले. आवाजावरून वयस्क, सुदानचे. नाव मी इथे देत नाही. त्या दिवशी ते सेटसमोरून हलले नाहीत, एवढं मात्र सांगते.

मी रिपोर्ट दिला. ते म्हणाले, तुमचा अंदाज बरोबर आहे. मग शेजारच्या यार्डच्या माणसाला विचारलं, हेलिकॉप्टर?

"ढग खाली आहेत. पायलट म्हणतो आज नाही. ओव्हर," यार्डचा माणूस म्हणाला.

"सिस्टर, इथेनॉल आहे? किंवा याच्यावरचं दुसरं कुठलं औषध? ओव्हर."

"नाही. सोडा बायकार्बच्या थोड्या बाटल्या आहेत. ओव्हर."

सेटवर खरखर.

"त्या लावा. आणि मग व्हिस्की शोधा. रम, जिन, काहीही. चांगल्या कंपनीची, सीलबंद. ओव्हर."

लिमयांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. तुम्हालाही वाटेल, म्हणून समजावते. त्या स्पिरिटमध्ये स्वतःचं विष कमी असतं. आपलं यकृत त्याचं विष बनवतं. पण यकृताला खरी दारू मिळाली की ते आधी तिच्याच मागे लागतं आणि स्पिरिटला हात लावत नाही. तेवढ्या वेळात स्पिरिट हळूहळू शरीराबाहेर जातं, किंवा हॉस्पिटलात यंत्राने रक्तातून काढता येतं. म्हणजे या दोघांना पुढची मदत येईपर्यंत सतत, मोजून, दारूच्या अंमलाखाली ठेवायचं होतं. डॉक्टरांनी वजनं विचारून पहिला मोठा डोस आणि नंतर दर तासाचा डोस सांगितला. मग म्हणाले, "मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, सिस्टर. पण ही ऑर्डर माझी आहे. लिहून घ्या."

मी म्हटलं, मीही घेतलेला नाही.

"मग आपण दोघं मिळून नीट मोजू. इन्शाल्ला. ओव्हर."

मी सेट खाली ठेवला. लिमये म्हणाले, "मॅडम, या कॅम्पात दारूचा थेंब नाही. मी स्वतः सही केली आहे."

दारात राणे उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, एक बाटली आहे. रम. सील फोडलेलं नाही."

लिमये वळले. "सगळ्या ओतल्यास म्हणून तूपण सही केलीस."

"क्लबाच्यो सगळ्यो ओतल्यो, साहेब. ही क्लबाची न्हय."

"मग कोणाची?"

"दोघांची," राणे म्हणाला, आणि आणायला गेला.

ती त्याच्या ट्रंकेच्या तळाशी एका लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेली होती. त्याने क्लिनिकच्या टेबलावर ठेवली, सील माझ्याकडून बघून घेतलं आणि मगच फोडलं. पांडुरंगाला मी रसात मिसळून पाजली. बाबूरामच्या पोटात काही राहत नव्हतं, त्याला नाकातून नळी घालावी लागली. राणे मोजायला त्याचं पेगचं माप घेऊन आला होता. मी माझं मेजरिंग ग्लास काढलं. दोन्ही मापं एकमेकांशी ताडून बघितली, जुळली. तो खूश झाला.

पहिल्या डोसातच बाटली अर्धी झाली. उरलेली दुपारपर्यंत गेली असती. आणि ढग तर उद्यापर्यंत हटणार नव्हते.

मला माहीत होतं की कॅम्पात आणखी बाटल्या आहेत. इतकी माणसं, इतके महिने, आणि आठवड्याला एकदा कोणीतरी हद्दीपलीकडे जाऊन येणारं. प्रश्न होता तो त्या बाहेर काढण्याचा. जप्ती म्हटली असती तर एकही सापडली नसती, आणि खोल्यांची झडती घ्यायला वेळ नव्हता. मी लिमयांना म्हटलं, मला एक ऑर्डर हवी आहे. बंद क्लब आजच्या दिवसापुरतं मेडिकल स्टोअर. तिथे जे जमा होईल ते औषध. कोणाचं, कुठून आलं, हे कोणी विचारणार नाही, आज नाही आणि नंतरही नाही.

लिमयांची अडचण खरी होती. थेंब नाही असं त्यांनी कंपनीला लिहून दिलं होतं. बाटल्यांचा ढीग निघाला तर त्यांची नोकरी आधी जाणार होती. त्यांनाही पुण्यात घर होतं, मुलगी होती. त्यांनी खिडकीतून क्लिनिककडे पाहिलं.

"तो वेल्डर आहे ना? डोळे गेले तर काय करेल?"

"काही नाही," मी म्हटलं.

"दिली ऑर्डर."

राणेने सगळ्यांना मेस हॉलमध्ये फॉल-इन केलं, म्हणजे रांगेत उभं केलं. परेडचा आवाज अजून शाबूत होता. मी हिंदीत सांगितलं: दोन माणसांचा जीव आहे. औषध म्हणून दारू लागते. फक्त सीलबंद, कारखान्याची. घरची, हातभट्टीची, सेंट, आफ्टरशेव्ह, काही नाही. मी क्लबमध्ये दाराकडे पाठ करून बसणार आहे. एकेकाने यायचं, काउंटरवर ठेवायचं आणि जायचं. मी वळणार नाही.

मी जाऊन डार्टबोर्डसमोर खुर्ची टाकून बसले. खोलीला अजून ओल्या लाकडाचा आणि जुन्या बिअरचा वास होता. काही वेळ कोणीच आलं नाही. मला वाटलं, चूक झाली. मग दार वाजलं. चपलांचा आवाज, काचेचा आवाज, चपला परत. मग बूट. मग दोघं एकदम, आणि एक दुसऱ्याला दबक्या आवाजात म्हणाला, तू तर म्हणाला होतास संपली. एकाचा खोकला मी ओळखला, कारण त्या छातीला मीच वाफ देत होते. मी डार्टबोर्डवरचे आकडे वाचत राहिले.

एकजण ठेवून गेला आणि परत आला. माझ्या पाठीमागून, अगदी आदबीने, हिंदीत म्हणाला की मॅडम, माझ्या बाटलीत आधीच थोडं पाणी घातलेलं आहे, डोस जरा वाढवून धरा.

मी भिंतीलाच सांगितलं की सांगितल्याबद्दल धन्यवाद, तिला एक चिकटपट्टी लावून बाजूला ठेव.

आवाज थांबले तेव्हा राणेने हाक दिली. मी वळले. काउंटर भरलेलं होतं. व्हिस्की, व्होडका, ब्रँडीच्या छोट्या बाटल्या, पीचची गोड दारू, आणि मधोमध हिरव्या काचेची एक स्कॉच, लाकडी खोक्यासकट. राणे हात मागे बांधून ते दृश्य बघत होता.

"मॅडम, क्लब चालू होता तेव्हा माझ्याकडे एवढी व्हरायटी नव्हती."

मग त्याने ती हिरवी बाटली उचलून लेबल वाचलं आणि पुन्हा सावकाश खाली ठेवली. असली बाटली परवडणारा माणूस कॅम्पात एकच होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुपार, संध्याकाळ आणि ती रात्र आम्ही तासाचा हिशेब सांभाळत काढली. दोन्ही रुग्णांना आम्ही क्लबमध्येच हलवलं, कारण क्लिनिकच्या छतातून पाणी ठिबकू लागलं होतं. टेबलं जोडून त्यावर गाद्या. दर तासाला सेटवर नाडी, श्वास, डोळे. पलीकडून डॉक्टर म्हणत, पुढचा डोस. बाबूराम झोपत आणि जागा होत राहिला. पांडुरंग मात्र नशेत गात होता, आणि मधेच थांबून मला म्हणायचा, "मॅडम, आता नको, बायकोला वचन दिलंय." राणे त्याच्या तोंडाला ग्लास लावायचा. म्हणायचा, इतकी वर्षं काउंटरमागून लोकांना आता पुरे म्हणून सांगत आलो. आज पहिल्यांदा अजून घे म्हणतोय, आणि हा नको म्हणतोय.

लिमये आले, एका कोपऱ्यात बसले. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "ती हिरवी... भेट मिळालेली होती. मुलीच्या लग्नासाठी ठेवली होती."

"कुठली हिरवी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. पुढचा डोस त्यांनी स्वतः धरून पाजला.

शनिवारी सकाळी श्वास मंदावला होता, म्हणजे सुधारला होता. मी पांडुरंगासमोर हात धरला. त्याने बोटं बरोबर सांगितली. मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाला, घड्याळ बंद पडलंय तुमचं. खरंच पडलं होतं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. डोंगरांच्या वर निळं दिसत होतं. नऊच्या सुमाराला हेलिकॉप्टर उतरलं.

दोघांनाही खसबहून मस्कतला नेलं. दहाएक दिवसांनी तुमचे बाबा मस्कतमधल्याच वादी अदाईहून येताना हॉस्पिटलात जाऊन त्यांना भेटून आले आणि मला फोन केला. बाबूराम पूर्ण बरा. पांडुरंगाच्या उजव्या डोळ्याच्या कडेला थोडं धूसर राहिलं, पण वर्तमानपत्र वाचत होता आणि जेवणाची तक्रार करत होता. पुढे कंपनीने त्याला वेल्डिंगऐवजी स्टोअरला घेतलं. लिमयांनी अहवालात लिहिलं: वर्कशॉपमधील रसायनाने अपघाती विषबाधा. त्यात खोटं काही नव्हतं. कोणीही घरी पाठवला गेला नाही. पुढच्या सेफ्टी मीटिंगमध्ये लिमये दारूऐवजी वर्कशॉपमधल्या कुलपांविषयी बोलले.

फोनवर आलेली ती बातमी सांगायला मी क्लबमध्ये गेले. राणे टेबलं पुसत होता. केबिन दुसऱ्या दिवशी ट्रेलरवर चढणार होती. मी म्हटलं, दोघांनाही दिसतंय. तो सावधानमध्ये उभा राहिला. हे मुद्दाम केलेलं नव्हतं, पाय आपोआप जुळले.

म्हणाला, "मग इश्यू झाला, मॅडम."

मी बसले आणि विचारलं, ती बाटली कोणत्या दोघांची होती.

तो तरुण असताना त्याची पलटण उत्तरेला बर्फातल्या एका पोस्टवर होती. तिथे जवानांना ठरलेली रम मिळते, तिला इश्यू म्हणतात. त्या आठवड्याचा इश्यू आणि टपाल घेऊन येणारी पार्टी खालपर्यंत आली होती, राणे त्या पार्टीत होता. वरून दोघं ते आणायला निघाले आणि हिमकडा कोसळून त्याखाली गेले. त्यांचा इश्यू राणेच्या हातात राहिला. तो परत जमा करायला सांगितलं, त्याने केला. पण तेव्हापासून जिथे जाईल तिथे एक न उघडलेली बाटली तो स्वतःच्या पगारातून घेऊन ठेवत होता. दर वर्षी जुनी कोणा जवानाला द्यायची, नवी ठेवायची. का, ते त्याला नीट सांगता आलं नाही. म्हणाला, "त्यांचो इश्यू पडून रवलो हुतो. कोणाक तरी द्यायचो हुतो. ह्या दोघांक गेलो, बरा झाला."

नवी बाटली ठेवणार का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही, आता खलास.

मी त्याला दोघांची नावं विचारून घेतली. लान्स नाईक सखाराम परब, मालवणजवळचा. शिपाई भिकाजी घाडी, कणकवलीचा, राणेच्याच वाडीतला. परब रम पीत नसे. त्याचा वाटा घाडी घ्यायचा आणि बदल्यात घाडीच्या वाटणीचा गोड दुधाचा डबा परबला मिळायचा. परब तो डबा चाकूने भोक पाडून सरळ तोंडाला लावायचा, आणि सगळी पोस्ट त्याला हसायची. राणे हे सांगताना हसत होता. मग त्याने शेवटचं टेबल पुसलं, आम्ही दिवा बंद केला आणि जेवायला गेलो.